जुन्या भावांवरचा नफा खरा किती?

रेडिओवरचे बाजारभाव ऐकण्याची सवय आपल्यापैकी पुष्कळांना आहे. लासलगावला कांद्याचा किमान भाव इतका, कमाल इतका, सर्वसाधारण इतका, असे निवेदक सांगतो आणि ऐकणारा शेतकरी मनातल्या मनात त्याचा अर्थ लावतो. कमाल भाव ऐकून तो हुरळून जात नाही. तो भाव एखाद्याच ट्रॉलीला मिळाला असेल, मालही तसाच निवडक असेल, हे तो जाणतो. तो भाव सकाळी निघाला की दुपारी, हे त्या आकड्यावरून कळत नाही, हेही त्याला पक्के ठाऊक असते. "काल माझा कांदा तिथे असता तर मला कमाल भावच मिळाला असता," असे कोणी पारावर बसून म्हणाला, तर चार माणसे हसतील.

ही समज आपल्याजवळ आहे. पण शेअरबाजाराचे आकडे पुढे आले, की तीच समज आपण बाजूला ठेवतो. आज शेअरबाजार मोबाईलमधून घराघरांत आला आहे. त्याच्याबरोबर एक नवी गोष्टही आली आहे. तिला बॅकटेस्टिंग म्हणतात. एखादी खरेदीविक्रीची युक्ती मागील वर्षांच्या भावांवर लावून पाहावयाची आणि "ही युक्ती तेव्हा वापरली असती तर किती नफा झाला असता" याचा हिशेब मांडावयाचा, म्हणजे बॅकटेस्टिंग. कल्पना चांगली आहे. बियाणे साऱ्या रानात पेरण्यापूर्वी एका वाफ्यात पेरून पाहावे, तशीच ती आहे. परंतु या परीक्षेत पास होणाऱ्या पुष्कळ युक्त्या प्रत्यक्ष बाजारात नापास होतात. असे का होते, ते आज समजून घेऊ या.

समजा, एका गावचे गुरुजी नुकतेच निवृत्त झाले आहेत. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हाती आले आहेत. त्यांचा पुतण्या एक दिवस वही घेऊन येतो आणि म्हणतो, "काका, हे बघा. दहा वर्षांपूर्वी ही युक्ती ठाऊक असती, तर लाखाचे सहा लाख झाले असते!" युक्ती साधी आहे. मागील वीस दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढायची. ज्या दिवशी शेअर त्या सरासरीच्या वर बंद होईल, त्या दिवशी तो घ्यायचा. चार टक्के नफा झाला की विकायचा, आणि दोन टक्के तोटा दिसला की विकून मोकळे व्हायचे. या तोट्याच्या मर्यादेला बाजारात स्टॉपलॉस म्हणतात.

पुतण्या लबाड नाही. त्याची बेरीज-वजाबाकीही चोख आहे. तरीसुद्धा त्या वहीतला नफा खोटा असू शकतो. म्हणून गुरुजींनी त्या वहीतल्या प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न: हे तेव्हा ठाऊक होते काय? दुसरा प्रश्न: हे तेव्हा करता आले असते काय?

दिवसाचे चार आकडे

पुतण्याने जे भाव वापरले, ते दिवसअखेरचे आकडे आहेत. प्रत्येक शेअरचे दर दिवसाला चार भाव: बाजार उघडताना कोणता, दिवसभरात सर्वांत वरचा कोणता, सर्वांत खालचा कोणता आणि बंद होताना कोणता. शिवाय किती शेअरांची उलाढाल झाली, तो एक आकडा. हे आकडे सहज व बहुधा फुकट मिळतात, म्हणून बहुतेक लोक यांच्यावरच परीक्षा घेतात.

आता विचार करा. २०१० सालापासून आपल्या बाजारांत नेहमीच्या व्यवहारांची वेळ सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन अशी ठरली. म्हणजे सव्वासहा तास, ३७५ मिनिटे. मोठ्या कंपनीच्या शेअरचे एवढ्या वेळात हजारो सौदे होतात. त्या साऱ्या धामधुमीतून आपल्या हाती राहतात चार आकडे. जत्रेला जाऊन आलेल्या मुलाला "काय पाहिलंस?" असे विचारावे आणि त्याने फक्त चार वस्तूंची नावे सांगावीत, तशातली ही गत. त्या वस्तू खऱ्या असतात, पण जत्रा त्यांच्यावरून कळत नाही.

उत्तर पाहून सोडवलेले गणित

वहीतली पहिली चूक पहिल्याच ओळीत सापडते. शेअर सरासरीच्या वर बंद झाला, म्हणून त्याच दिवशी त्याच बंद भावाने घेतला, असे पुतण्याने लिहिले आहे. अहो, पण तो वर बंद झाला हे कळले केव्हा? बाजार बंद झाल्यावर! आणि बंद झालेल्या बाजारात खरेदी कशी करणार? फळ्यावर उत्तर लिहून झाल्यावर पाटीवर गणित सोडवावे, तसा हा प्रकार झाला.

यात आणखी एक बारकावा आहे. राष्ट्रीय शेअरबाजाराच्या जुन्या नोंदींत जो बंद भाव दिसतो, तो सामान्यतः शेवटच्या सौद्याचा भाव नसतो. शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची, उलाढालीच्या प्रमाणात काढलेली ती सरासरी असते. तेव्हा नेमक्या त्या भावाने शेवटच्या क्षणी सौदा झालाच असेल, असेही नाही.

प्रामाणिक वही अशी लिहावी: निर्णय आजच्या बंद भावावर, खरेदी उद्याच्या उघडत्या भावावर. याने काय फरक पडतो ते पाहा. समजा, शेअर १०२ रुपयांवर बंद झाला. पुतण्याने खरेदी १०२ ला मांडली आणि पुढे १०६ ला विक्री. नफा चार रुपये. पण दुसऱ्या दिवशी तो शेअर १०४ वरच उघडला होता. म्हणजे खरी खरेदी १०४ ला आणि १०६ च्या विक्रीवर नफा दोनच रुपये. निम्मा नफा एका रात्रीत गेला. कधीकधी तो १०२ च्या खालीही उघडेल आणि आपला फायदा होईल, हे कबूल. परंतु जे मिळालेच नसते ते जमेला धरणे, ही चूक ती चूकच.

आधी वर गेला की आधी खाली?

दुसरी चूक अधिक लपलेली आहे. समजा, आपल्याकडे १०० रुपयांना घेतलेला शेअर आहे. १०४ ला नफा घ्यायचा, ९८ ला तोटा सोसून विकायचा. आता वहीत एका दिवसाची नोंद अशी आहे: सर्वांत वरचा भाव १०५, सर्वांत खालचा ९७. सांगा बरे, त्या दिवशी आपल्याला नफा झाला की तोटा?

भाव आधी १०५ ला जाऊन मग ९७ ला आला असेल, तर आपण १०४ ला विकून घरी आलो. आधी ९७ ला घसरून मग चढला असेल, तर आपण ९८ लाच बाहेर पडलो आणि पुढची चढण दुरून पाहत बसलो. दोन्ही दिवसांचे चार आकडे एकसारखेच! कोणते आधी घडले, हे दिवसअखेरचे आकडे सांगूच शकत नाहीत. पुतण्याने मात्र अशा प्रत्येक दिवशी नफा धरला आहे. संगणकावर परीक्षा घेणारेही नकळत हेच करतात.

याची किंमत किती, ते एका सोप्या हिशेबाने पाहू. प्रत्येकी १०० रुपयांचे १०० सौदे धरा. त्यांपैकी ४० सौद्यांत सरळ चार रुपये नफा झाला, ४० सौद्यांत सरळ दोन रुपये तोटा झाला, आणि २० सौदे असे, की ज्या दिवशी दोन्ही रेषा ओलांडल्या गेल्या. हे २० सौदे नफ्यात धरले, तर ६० सौद्यांचा नफा २४० रुपये, ४० सौद्यांचा तोटा ८० रुपये, शिल्लक १६० रुपये. तेच २० सौदे तोट्यात धरले, तर ४० सौद्यांचा नफा १६० रुपये, ६० सौद्यांचा तोटा १२० रुपये, शिल्लक फक्त ४० रुपये. बाजार तोच, युक्ती तीच. पण एका गृहीतकाने १६० चे ४० झाले.

आणि अजून खर्च वजा व्हायचाच आहे. २०२५ साली, शेअर प्रत्यक्ष ताब्यात घेऊन विकणाऱ्याला खरेदीवर ०.१ टक्का व विक्रीवर ०.१ टक्का असा व्यवहार कर भरावा लागत असे. म्हणजे शंभराच्या एका फेरीत वीस पैसे करातच गेले. दलाली, मुद्रांक शुल्क, इतर आकार, आणि पाहिलेला भाव व हाती आलेला भाव यांतली तफावत, या सगळ्यांचे मिळून आणखी वीस पैसे धरू. एका सौद्याला चाळीस पैसे, तर शंभर सौद्यांना चाळीस रुपये. राहिलेली शिल्लक होती चाळीस रुपये. उरले काय? शून्य! हमाली, तोलाई आणि गाडीभाडे न धरता पट्टीचा हिशेब मांडणारा शेतकरी आपण कधी पाहिला आहे काय? मग इथेच ते का विसरावे?

म्हणून नियम असा, की ज्या दिवशी दोन्ही रेषा ओलांडल्या असतील, त्या दिवशी तोटाच धरावा. किंवा त्या दिवसाचे मिनिटामिनिटाचे भाव मिळवून खरा क्रम पाहावा. स्टॉपलॉसची आणखी एक गोष्ट आहे. रात्रीतून वाईट बातमी आली आणि शेअर ९४ वरच उघडला, तर ९८ ला विकणार कोणाला? बांध घातला म्हणजे पूर येतच नाही, असे नव्हे. अशा दिवशी वहीत ९४ च लिहिले पाहिजेत.

भाव होता, पण सौदा मिळाला असता काय?

आता दुसरा प्रश्न घेऊ. याचे ठळक उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. शनिवार, १६ मे २००९ रोजी लोकसभा निवडणुकीचे निकाल लागले. सोमवारी, १८ मे रोजी, मुंबईचा बाजार उघडताच इतका उसळला, की वरची मर्यादा गाठली गेली आणि व्यवहार दोन तास थांबवावे लागले. पुन्हा बाजार उघडला, पुन्हा तेच झाले, आणि मग दिवसभरासाठी व्यवहार बंद झाले. सेन्सेक्स एका दिवसात २११० अंकांनी, म्हणजे सतरा टक्क्यांहून अधिक वर चढून १४,२८४ वर थांबला. प्रत्यक्ष व्यवहार चालले ते जेमतेम काही क्षण.

पण दिवसअखेरच्या आकड्यांत हाही एक दिवसच आहे. त्यालाही उघडता भाव आहे, बंद भाव आहे. संगणक त्या दिवशी खुशाल खरेदी करतो, खुशाल विक्री करतो. त्या दिवशी जे हजारो लोक नुसते पाहत राहिले, त्यांना विचारा, खरेदी झाली का?

एवढी मोठी घटना क्वचितच घडते. परंतु लहान कंपन्यांच्या बाबतीत असे लहान प्रमाणात वारंवार घडते. पुष्कळ शेअरांना दिवसाची वरची व खालची मर्यादा ठरवून दिलेली असते. शेअर खालच्या मर्यादेवर अडकला, म्हणजे विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा एकही नसतो. वहीत मात्र "विकला" असे लिहिलेले असते. शिवाय ज्या शेअरची दिवसाची उलाढालच वीसतीस हजारांची, तिथे गुरुजी दोन लाख घेऊन गेले, तर त्यांच्याच मागणीने भाव चढेल. म्हणून भावाशेजारचा उलाढालीचा आकडाही वाचावा.

वहीची पाने नीट आहेत ना?

तिसरी अडचण खुद्द नोंदींची. कंपनी कधी बोनस शेअर देते, कधी एका शेअरचे अनेक तुकडे करते. रिलायन्स इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका शेअरला एक बोनस शेअर दिला. साडेसव्वीसशे रुपयांच्या आसपास असलेला भाव २८ ऑक्टोबरला साडेतेराशेच्या आत आला. भागधारकाचे काही गेले नाही. एका भाकरीचे दोन अर्धे तुकडे झाले, इतकेच. पण नोंदींत ही दुरुस्ती केलेली नसेल, तर वहीला वाटणार, की एका दिवसात निम्मे पैसे बुडाले.

बरे, दुरुस्ती केलेली असली तरी एक खाच उरतेच. दुरुस्तीत जुने भाव खाली आणलेले असतात. जो शेअर पंधरा वर्षांपूर्वी खरोखर ४०० रुपयांना मिळत होता, तो पुढे एकाचे आठ झाले म्हणून आज नोंदीत ५० रुपयांचा दिसतो. आता "साठ रुपयांखालचे शेअर घ्यावेत" अशी युक्ती कोणी तपासली, तर हा शेअर तिच्यात येऊन बसतो. आणि असे तुकडे किंवा बोनस बहुधा ज्यांचा भाव पुष्कळ वाढला त्याच कंपन्यांच्या वाट्याला येतात. म्हणजे पुढचे यश मागच्या दाराने वहीत शिरले. तेव्हा हे ठाऊक होते काय? मुळीच नाही.

गळालेली मुले

शिक्षक बंधुभगिनींना चौथी चूक चटकन पटेल. आज दहावीच्या वर्गात बसलेली मुले पाहून कोणी म्हणाले, की "या गावात पहिलीत नाव घातलेले प्रत्येक मूल दहावीपर्यंत पोहोचते," तर तुम्ही काय म्हणाल? "अहो, मधल्या इयत्तांत गळालेली मुले कुठे मोजलीत?" असेच ना?

पुतण्याने नेमके हेच केले आहे. त्याने आजच्या निफ्टी निर्देशांकातील पन्नास कंपन्यांची यादी घेतली आणि तिच्यावर दहापंधरा वर्षे मागे जाऊन परीक्षा घेतली. या कंपन्या मोठ्या झाल्या म्हणून तर आज यादीत आहेत! सत्यम कॉम्प्युटर ही २००८ साली सेन्सेक्स आणि निफ्टी या दोन्ही निर्देशांकांत मानाने बसलेली कंपनी होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी हिशेबातील लबाडी पत्राने कबूल केली आणि सुमारे १७९ रुपयांचा शेअर त्या एका दिवसात सुमारे ४० रुपयांवर आला. लगेच ती निर्देशांकांतून वगळली गेली आणि २०१३ साली टेक महिंद्रात विलीन झाली. आजची यादी घेऊन मागे जाणाऱ्याला सत्यम भेटतच नाही. तो दिवस ज्यांनी सोसला, त्यांचा तोटा त्याच्या वहीत नाही. म्हणून ज्या वर्षाची परीक्षा, त्या वर्षाचीच यादी घेतली पाहिजे. बुडालेल्या आणि वगळलेल्या कंपन्यांसकट.

लोणी आणि शेअरबाजार

शेवटची चूक सर्वांत मोहक आहे. पुतण्याला विचारा, "बाळ, वीस दिवसांचीच सरासरी का घेतलीस? आणि चार व दोन टक्केच का?" तो म्हणेल, "काका, मी पाच दिवसांपासून शंभर दिवसांपर्यंत सगळ्या करून पाहिल्या. वीसचीच सर्वांत चांगली निघाली." इथेच मेख आहे.

१०२४ माणसांना प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवावयास सांगा. सरासरीने त्यांतल्या एकाला दहाच्या दहा वेळा छापा पडेल. त्याच्या बोटांत काही जादू असते काय? शेकडो युक्त्या तपासल्या, म्हणजे एखादी केवळ योगायोगानेही चमकतेच. अमेरिकेतील डेव्हिड लाइनवेबर या अभ्यासकाने हे गमतीने दाखवून दिले. त्याने आकड्यांचे ढिगारे उपसून अमेरिकन शेअर निर्देशांकाशी जुळणारी गोष्ट शोधली. ती निघाली बांगलादेशातील लोण्याचे उत्पादन! त्यावरून निर्देशांकातील पाऊण चढउताराचा मेळ बसत होता. त्यात अमेरिकेतील लोणी, चीज आणि मेंढ्यांची संख्या मिसळली, तर मेळ ९९ टक्क्यांवर गेला. लोण्याचा आणि त्या बाजाराचा काडीचाही संबंध नाही, हे दाखवण्यासाठीच त्याने हा उद्योग केला होता.

यावर उपाय शिक्षकांना रोजच्या कामातून ठाऊक आहे. वर्गात सोडवून दाखवलेली गणितेच परीक्षेत घातली, तर मुलाला गणित आले की पाठ झाले, ते कळत नाही. म्हणून न पाहिलेले गणित द्यावयाचे. तसेच, युक्ती रचताना शेवटची तीनचार वर्षे झाकून ठेवावीत. युक्ती पक्की झाल्यावर एकदाच, फक्त एकदाच, ती त्या झाकलेल्या वर्षांवर लावावी. तिथे नापास झाल्यावर थोडा बदल करून पुन्हा तिथेच बसवली, तर तो पेपर फुटला म्हणून समजावे.

मग हे सारे व्यर्थच काय?

तसे मुळीच नाही. दिवसअखेरचे आकडे खोटे नसतात. त्यांना जे ठाऊक नाही ते आपण त्यांच्या तोंडी घालतो. जी युक्ती महिनोन् महिने शेअर बाळगते, तिला एखाददुसऱ्या दिवसाच्या फरकाने फार धक्का बसत नाही. तिच्यासाठी हे आकडे पुष्कळ उपयोगी आहेत. जी युक्ती एकदोन दिवसांत दोनचार टक्क्यांसाठी धावते, तिचा सारा नफाच या फरकात मावतो. आणि अशी परीक्षा युक्तीला नापास ठरवावयास उत्तम असते. जी कागदावरसुद्धा टिकत नाही, ती बाजारात काय टिकणार? पण कागदावर पास झाली म्हणजे ती पुढेही चालेल, एवढी हमी ती परीक्षा देत नाही.

ही सावधगिरी कशासाठी, तेही सांगतो. सेबी या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी सुमारे ९३ टक्के लोक तोट्यात गेले, आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हे सौदे साध्या शेअरखरेदीहून वेगळे आणि अधिक जोखमीचे, हे खरे. पण यांतल्या किती जणांनी आरंभी कोणाची तरी अशीच एक झकास वही पाहिली असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

शिक्षकांना एक सूचना करून हे थांबवतो. सातवी-आठवीच्या मुलांना जवळच्या बाजार समितीतील एका पिकाचे भाव महिनाभर रोज वहीत लिहावयास सांगा. प्रत्येकाने आजचा भाव पाहून "उद्या माल विकीन" किंवा "ठेवीन" असा निर्णय शाईने लिहावा, आणि हिशेब मात्र दुसऱ्या दिवशीच्या सर्वसाधारण भावाने, गाडीभाडे वजा करून मांडावा. खाडाखोड करावयाची नाही. महिन्याच्या शेवटी मुलांना आपोआप कळेल, की गेलेल्या दिवसावर शहाणपण सांगणे किती सोपे आणि येणाऱ्या दिवसावर सौदा करणे किती अवघड.

आणि गुरुजींनी पुतण्याला काय सांगावे? त्याला रागावू नये. त्याच्या हाती कोरी वही द्यावी आणि म्हणावे, "बाळ, आजपासून सहा महिने नुसते कागदावर लिही. रोजचा निर्णय रोज. मग बसू आपण दोघे हिशेबाला." तोवर निधीचे पैसे बँकेतच असू द्यावेत.